पोपटाच्या पिक्चरचा शेवट

मागच्या पडवीत रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, ढीग पडलेला असायचा आणि त्याच्यासमोर इंदूआते पाय पसरून बसलेली असायची. एक रातांबा उचलायचा, मधोमध फोडायचा, बिया एका भांड्यात टाकायच्या, साल दुसऱ्यात. उन्हाळाभर तिची बोटं तांबडी असत, साबणानेही तो रंग जात नसे. मी तिच्यासमोर बसून तेच काम करायची, पण हळू, कारण माझं तोंड चालू असायचं. मी तिला पिक्चर सांगत असे. आमच्या आचऱ्याच्या घरात पिक्चर बघणारी मी एकटी आणि ऐकणारी ती एकटी. सगळे पिक्चर नव्हेत. आम्हाला फक्त जादूचे चालत. ज्यांत माणसाचा दगड होतो, घोड्याला पंख फुटतात, राक्षसाचा जीव कुठल्यातरी भुंग्यात दडवलेला असतो आणि काळी दाढी लावलेला जादूगार हात वर करून हसत सुटतो, असे.

भात कापून झालं की मळ्यात तंबू पडायचा आणि तिथे हे पिक्चर यायचे. बाबा प्राथमिक शाळेत गुरुजी होते, घरातही पुस्तकातल्यासारखं बोलत. "देवादिकांचा असेल तर जा, नाहीतर नको," एवढाच त्यांचा नियम. पण जादूच्या पिक्चरमध्ये कुठेतरी एक देवी असतेच. तेवढ्या देवीच्या आधारावर मी शेजारच्या बायकांबरोबर सगळे पिक्चर बघून घेतले. आते मात्र कधी आली नाही. तिला कोणी अडवलं नव्हतं. तीच म्हणायची, "नवऱ्याचो पत्तो नाय अशी बाई तंबूत येऊन बसली तर पडद्याकडे कोण बघतलो? लोकांका फुकटचो दुसरो पिक्चर कित्याक दाखवू?" असं म्हणून स्वतःच हसायची आणि पुढचा रातांबा उचलायची.

तिचा नवरा, म्हणजे माझे आतोबा, लग्नानंतर थोड्याच दिवसांत बोटीवर नोकरी मिळते म्हणून मुंबईला गेले. आधी काही कार्डं आली, मग आली नाहीत. सासरचे म्हणाले, आम्हालाही माहीत नाही. बाबांनी मुंबईच्या ओळखीच्या माणसांना विचारून पाहिलं, एकदा स्वतः जाऊन आले, आणि मग आतेला घरी घेऊन आले. मी तेव्हा अगदी लहान होते. आतोबा मला दोनच गोष्टींवरून आठवत. एक भिंतीवरचा लग्नाचा फोटो, आणि दुसरा त्यांचा घोगरा आवाज. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते "कळला मां?" म्हणत. मला खांद्यावर घेऊन माडाखालून फिरवताना वरून नारळ पडला तर काय होईल ते सांगायचे, आणि "कळला मां?" म्हणून मला गदागदा हलवायचे. घरात त्यांचं नाव कोणी काढत नसे. आते गळ्यातलं मंगळसूत्र पदराआड ठेवायची, पण काढून ठेवलेलं मी कधी पाहिलं नाही.

ती पिक्चर कशी ऐकायची ते सांगायला हवं. तिला चमत्काराचं विशेष नव्हतं, त्याच्या आजूबाजूचं हवं असायचं. राजपुत्र पाताळात उतरला, असं मी सांगितलं की ती विचारी, "थंय उजेड खंयसून येता गो?" मी म्हणे, "भिंतींका मशाली होत्यो." "त्येंका तेल कोण घालता?" राजकन्या दगड झालेल्या नवऱ्यापाशी बारा वर्षं बसली, तर हिचा प्रश्न तयार, "बारा वर्षां ती जेवली काय?" मी म्हणे, रानातली फळं. "फळां खाऊन पोट भरता? जरा पेज तरी दाखवूची." आई चुलीपाशी असायची, उकड्या तांदळाच्या पेजेला कढ आलेला असायचा, भाजलेल्या सुक्या बांगड्याचा वास पडवीपर्यंत यायचा. ती तिथूनच म्हणायची, "तुमच्या राजकन्येक म्हणा, हयसर ये, वाढतंय." विहिरीवर रहाट करकरत असे, माडांत वारा असे, आणि आम्ही तिघी हसत असू. आमच्या घरात त्यापेक्षा मोठ्याने हसलेलं मला आठवत नाही.

आता माझ्या चुलत भावाचा नातू सुट्टीत येतो तेव्हा मोबाईलवर त्याचे पिक्चर दाखवतो. त्यांतल्या उडणाऱ्या सापाच्या अंगावरचा खवला न् खवला दिसतो. मला पाचव्या मिनिटाला झोप येते. आमच्या पिक्चरमध्ये उडत्या घोड्याची तार दिसायची. माणूस गायब होताना फिल्मला हिसका बसायचा आणि मागचा दिवा जरा सरकलेला असायचा. राजाच्या महालातला पडदा पुढे राक्षसाच्या गुहेतही लटकायचा. हे सगळं आम्हाला कळत होतं, आणि त्यानेच बरं वाटायचं. मजा कशात होती याचा मी पुष्कळ विचार केला आहे, या वयात दुसरं काय करणार. मला वाटतं, त्या पिक्चरमध्ये कोणी कोणाला टाकून जात नाही. कोणीतरी नेतं, कोंडतं, दगड करतं. माणूस स्वतः निघून गेला आणि मजेत राहिला, असं तिथे होतच नाही. आणि जिथे शाप आहे तिथे उःशाप असतोच, तो कुठे आहे ते शोधायला बायकोने निघायचं, एवढंच काम उरतं. आतेला काय आवडायचं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. तिलाही कळलं असेल असं नाही.

मी हायस्कुलात होते. त्या वर्षी गावातून भोंगा लावलेली गाडी गेली आणि रंगीत कागद उधळून गेली. कणकवलीच्या पत्र्याच्या थिएटरात नवा जादूचा पिक्चर लागला होता. कागदावर एका बाईच्या हातात पिंजरा, पिंजऱ्यात पोपट, आणि पोपटाच्या डोक्यावर माणसाचा मुकुट. आतेने तो कागद डाळीच्या डब्याखाली घालून सपाट केला. "नवऱ्याचोच पोपट केलेलो दिसता," ती म्हणाली. "ह्यो ऐकाक व्हयो होतो." योगायोग असा की त्याच आठवड्यात माझी चित्रकलेची सरकारी परीक्षा होती, आणि तिचं केंद्र कणकवलीला होतं. सकाळी एक पेपर, दुपारी दुसरा. आतेने माझ्या रंगपेटीला जुन्या लुगड्याची पिशवी शिवून दिली, खाऊला पैसे दिले, आणि एस.टी.त बसवताना कानाशी येऊन म्हणाली, "दुपारचो पेपर कसलो?" मी म्हटलं, आठवणीतून चित्र काढायचं. "मगे तो घराकडे पण काढूक येतलो," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून उभी राहिली. तिने मला जा म्हटलं नाही. पण मला कळायचं ते कळलं.

सकाळचा पेपर झाला. आम्हाला घेऊन आलेले सर बहिणीकडे जेवायला गेले. मी पिशवी काखेत मारून थिएटरवर पोचले. बायकांचा एक घोळका आत शिरत होता, त्यांचीच असल्यासारखी मागोमाग शिरले आणि बाकड्याच्या टोकाला बसले. पिक्चर खरंच चांगला होता. जादूगाराने विहिरीचं पाणी पाजून राजपुत्राचा पोपट केला तेव्हा हिसका बसला नाही, हळूहळू हिरवा रंग चढत गेला. पोपटाने पहिल्यांदा बायकोच्या नावाने हाक मारली, आणि माझ्या मागच्या बाकावर एक लहान मूल भोकाड पसरून रडायला लागलं. त्याला एक माणूस समजावत होता.

"रडू नको रे बारक्या. मेलो नाय तो, जादू आसा. त्याची बायल येतली आणि त्याका सोडवतली. कळला मां?"

मी मागे बघितलं नाही. पाठ ताठ करून बसून राहिले. मध्यंतराला दिवे लागले तेव्हा बघितलं. आतोबा होते. फोटोतल्यापेक्षा अंगाने भरलेले, डोकं तेल लावून नीट बसवलेलं. कडेवर मूल, शेजारी मोठं कुंकू लावलेली एक बाई. ती त्यांच्या शर्टाची कॉलर सरळ करत होती, आणि ते हातातल्या पुडीतले दाणे तिच्या तळहातावर घालत होते. त्यांना कोणी काही केलेलं नव्हतं. दगड नाही, पोपट नाही. कणकवली आमच्या घरापासून एका एस.टी.च्या अंतरावर आहे. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि तेवढ्यात ते बाकांमधून बाहेर पडायला माझ्याजवळ आले. वाकून, अगदी मायेने म्हणाले, "बाय, जरा पाय घे गो." मी पाय घेतले.

मध्यंतरानंतर मी थोडा वेळ बसले. राजपुत्राची बायको पिंजरा घेऊन डोंगर चढत वर गेली. वर दगडी दार होतं, बंद. ती दारासमोर उभी राहिली. मागे मूल विचारत होतं, आता काय, आणि तो घोगरा आवाज सांगत होता, बघ तू. मी उठले आणि बाहेर पडले. स्टँडवर येऊन बसले, सर आले तेव्हा डोकं दुखत होतं म्हणून सांगितलं.

घरी बाबांसमोर आतेने विचारलं, "कसो झालो पेपर?" मी बरा म्हटलं. नंतर विहिरीपाशी तिने हळूच विचारलं, "खरो पेपर कसो झालो?" मी म्हटलं, आज दमलंय, उद्या सांगतंय. उद्या, परवा, असं करत मी ते ढकलत राहिले. तिला माझी चोरी ठाऊक होती, त्यामुळे बाबांच्या भीतीने गप्प राहिले असंही मला म्हणता येत नाही. पडवीत दोघीच असायचो. कधीही सांगता आलं असतं.

याच दिवसांत देवबागहून परुळेकर गुरुजी दोन-तीनदा आमच्याकडे आले. बाबांचे जुने स्नेही, बायको वारलेली, मूल नाही. येताना ताजी मासळी आणत आणि ओशाळून दाराशीच उभे राहत. बाबांनी वकिलाला विचारून ठेवलं होतं, की इतकी वर्षं ज्याची खबर नाही त्याच्या बायकोची कायद्याने वाट मोकळी होऊ शकते. आते आधी ऐकून घेईना. मग एकदा कपडे पिळता पिळता मला म्हणाली, "ते म्हणतत, मालवणाक पिक्चराक नेतलंय. सगळ्यांच्या पुढे बसान बघूया म्हणतत." आणि ओल्या पदराने तोंड पुसलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघून समजले की ती जाईल.

आणि तेवढ्यात गावपळण आली. आमच्या आचऱ्याचा हा रिवाज आहे. काही वर्षांनी ग्रामदेवाला कौल लावतात, म्हणजे गाऱ्हाणं घालून त्याचं होय की नाही विचारतात, आणि त्याने होय म्हटलं की अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कुत्री, टोपलीत घालून कोंबड्या. गावात चूल पेटत नाही, कोंबडा आरवत नाही, देवळातही माणूस नसतं. गाव तेवढे दिवस देवाचा. आम्ही पोरं खूश असायचो. पिक्चरमध्ये शापाने ओस पडलेलं नगर दाखवतात, तसं आमचं गाव खरंच ओस पडायचं आणि त्यात कसला शापही नसायचा. आम्ही खाडीच्या काठाला झावळ्यांची खोपी बांधली. निघताना बाबा आतेला म्हणाले, "घाई नाही, इंदू. पण गावात परत शिरू तेव्हा मला होय की नाही ते सांग."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खोपीच्या सावलीत आडाळ्यावर, म्हणजे आमच्या विळीवर, खाडीतल्या तिसऱ्यांचे शिंपले फोडत बसली होती. आई पाण्यावर गेली होती. मला जवळ बसवून म्हणाली, "तो पोपट सांग आता. पेपर बुडयलंस, तो काय उगाच?"

मी सांगायला लागले. आणि मी चांगलं सांगितलं, हे मला आजही आठवतं. विहीर, जादूगार, हळूहळू चढणारा हिरवा रंग, सगळं. आते नेहमीसारखं मध्ये बोलत नव्हती. पोपटाला दाणे कोण घालतं तेही तिने विचारलं नाही. मी बायकोला डोंगरावर नेलं, दगडी दारापाशी उभी केली, आणि थांबले. तिथपर्यंतच मी बघितलं होतं.

"मगे?" आते म्हणाली.

तिच्या हातातल्या तिसरीचा शिंपला अर्धा उघडलेला होता. त्या क्षणी माझ्यापाशी सांगायला एकच खरी गोष्ट होती आणि ती पिक्चरातली नव्हती.

"मगे दार उघडला," मी म्हटलं. "आत देवी होती. तिणा पाणी शिंपडला आणि पोपटाचो माणूस झालो."

"तो काय म्हणालो?"

"माका सगळा आठवता, म्हणालो. तुका इसरलंय नाय."

खाडीवरून कोणीतरी कोणाच्यातरी गुराला शिव्या घालत होतं. मग तिने ती तिसरी फोडली, मांस भांड्यात टाकलं आणि म्हणाली, "बरो संपलो."

तिसऱ्या दिवसानंतर देवाने परतायचा कौल दिला, ढोल वाजले आणि माणसं गावाकडे वळली. वेशीपाशी बाबा थांबले. आतेने नाही म्हणून मान हलवली. बाबांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही, तसा त्यांचा स्वभावच नव्हता. मी आणि आते कोंबड्यांची टोपली दोन बाजूंनी धरून मागून चाललो होतो. ती फार शांत दिसत होती. म्हणाली, "देवळात चार माणसांपुढे ह्यां गाऱ्हाणा घालूक माझी जीभ वळली नसती. आणि गावपळणीत तर देवळात कोण नाय. म्हणान मी मनातच कौल लावललो. पोपटाचो माणूस झालो तर थांबूचा. नाय झालो तर देवबागाक जावचा. देवान तुझ्या तोंडान सांगल्यान."

टोपलीतल्या कोंबड्या फडफडत होत्या. तेव्हाही सांगता आलं असतं, बाबा पुढे चार पावलांवर होते. मी टोपलीवरची पकड बदलली आणि चालत राहिले.

का सांगितलं नाही, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. तिला दुःख होईल म्हणून. मी लहान होते म्हणून. गोष्ट रंगात आली होती आणि सांगणाऱ्याला चांगला शेवट करायचा मोह होतो म्हणून. ही सगळी खरी आहेत, पण त्यांच्या खाली एक आहे, ते मी आता लिहिते. ती देवबागला गेली असती तर पडवीत माझ्यासमोर कोण बसलं असतं? माझं ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. तिला परुळेकर गुरुजींनी खरे पिक्चर दाखवले असते आणि माझ्या सांगण्याची तिला गरज उरली नसती. खाडीकाठी दारापाशी थांबले तेव्हा हे माझ्या मनात होतं. शब्दांत नव्हतं, पण होतं.

परुळेकर गुरुजींनी पुढे दुसरीकडे लग्न केलं. मी कणकवलीला कॉलेजात गेले, तिथेच नोकरीला लागले, आणि कितीतरी वर्षं बाजारातून जाताना घोगरा आवाज आला की वळून बघायची. ते परत दिसले नाहीत. बाबा गेले, आई गेली. घरात टीव्ही आला, त्यावर पौराणिक मालिका आल्या, आते त्या बघताना विचारायची, एवढ्या दागिन्यांत झोपतात कशी. मी लग्न केलं नाही. आता नोकरी संपल्यावर आचऱ्यालाच आहे. आम्ही दोघी असतो. दिवस लांब असतात.

या उन्हाळ्यात रातांबे फोडताना मी तिला सांगितलं. आधी ठरवलं नव्हतं. थिएटर, बाक, बारक्या, दाणे, पाय घे गो, सगळं सांगितलं, आणि शेवट मी रचलेला होता तेही. तिला एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून दोनदा सांगावं लागलं. ती फोडत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "झील होतो त्याचो, तो बारक्या?"

"होतो."

"रडत होतो?"

"पोपटाक भिऊन."

"हां," ती म्हणाली. त्यानंतर दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. आपली पेज आपण वाढून घेतली, आपलं ताट आपण धुतलं. मी त्याला तयार होते. ती कायमची गप्प झाली असती तरी मला तक्रार करता आली नसती.

दुसऱ्या दिवशी मी घरात होते, तेव्हा पडवीतून हाक आली. "नंदा, हयसर ये गो." मी जाऊन बसले. तिने माझ्याकडे बघितलं नाही. "तो पिक्चर परत सांग," म्हणाली. "पण दिसलो तितकोच सांग."

आज शोधला तर तो पिक्चर मोबाईलवर सापडेलही. मी शोधलेला नाही. मी तिला दिसला तेवढा सांगितला. आता पहिल्यासारखं सांगता येत नाही, दम लागतो, मधलं विसरायला होतं. विहीर सांगितली, हिरवा रंग सांगितला, डोंगर सांगितला. बायकोला पिंजरा घेऊन दगडी दारासमोर उभी केली आणि थांबले.

"मगे?"

"मगे माका ठावक नाय, आते. मी उठान गेलंय."

तिने रातांबा उचलला, पण फोडला नाही. तांबड्या बोटांत तसाच धरून समोर माडांकडे बघत बसली.

"पिंजरो जड झालो असतलो तिका," ती म्हणाली.